तंबाखू नको म्हणणाऱ्याच्या खात्यातला तंबाखू

संपादक महोदय,

आपल्या अर्थविषयक पानावर ‘ईएसजी’ फंडांविषयी, म्हणजे पर्यावरण, समाज आणि कंपनीचा कारभार पाहून शेअर निवडणाऱ्या म्युच्युअल फंडांविषयी, बरेच छापून येते. त्यात कार्बन असतो, संचालक मंडळ असते. दरमहा दोन-तीन हजारांची एसआयपी भरणारा माणूस मात्र नसतो. हा माणूस नीतीचा विचार करतो, पण साध्या शब्दांत: अमुक धंद्याचा पैसा आपल्या घरात नको.

आमच्या सकाळच्या कट्ट्यावर एक गृहस्थ आहेत. सख्खा भाऊ तोंडाच्या कर्करोगाने गेला, तेव्हापासून सिगारेट कंपनीचा शेअर घ्यायचा नाही, हा त्यांचा नेम. लाभांश कितीही चांगला असो. परवा त्यांना त्यांच्या निफ्टी इंडेक्स फंडाची, म्हणजे निफ्टी निर्देशांकातल्या सगळ्या कंपन्यांचे शेअर घेणाऱ्या फंडाची, यादी मोबाइलवर दाखवली. त्यात सिगारेट बनवणारी आयटीसी होती. ‘म्हणजे इतकी वर्षं माझ्याकडे आहेच की!’ एवढेच म्हणाले. नोकरदारांचीही तीच गत. 2015 पासून ईपीएफचा, म्हणजे भविष्य निर्वाह निधीचा, काही भाग निफ्टी आणि सेन्सेक्सच्या ईटीएफमध्ये (शेअर बाजारात विकल्या जाणाऱ्या तशाच इंडेक्स फंडांत) जातो. त्याबद्दल कोणी विचारत नाही.

एलआयसीकडे तर आयटीसीचे सुमारे 15 टक्के भागभांडवल आहे. एका हाताने आयुष्याचा विमा, दुसऱ्या हाताने सिगारेटचा नफा, यावर 2017 मध्ये मुंबई उच्च न्यायालयात जनहित याचिका झाली होती. माजी मंत्री सतीश पेडणेकर कर्करोगाने गेले. त्यांच्या पत्नी सुमित्रा पेडणेकर याचिकाकर्त्यांत होत्या.

मग ईएसजी फंड घ्यावा, तर तिथे निराळाच घोळ. हीच आयटीसी पाणी आणि कार्बनच्या हिशेबात नावाजलेली आहे आणि कंपन्यांना ईएसजी दर्जा देणाऱ्या एमएससीआय या संस्थेकडून तिला ‘एए’ हा वरचा दर्जाही मिळालेला आहे. कंपनीचे पाणलोटाचे काम खरे आहे, ते नाकारू नये. पण कट्ट्यावरच्या गृहस्थांचा प्रश्न पाण्याचा नव्हताच. शेअर बाजाराची नियामक असलेल्या सेबीने 2023 मध्ये अशा फंडांचे सहा प्रकार ठरवले. ठरावीक धंदे वगळणे हा त्यांतला फक्त एक. बाकीच्यांत काय निघेल ते माहितीपत्रक वाचून शोधायचे. शरियतनुसार चालणारे ‘एथिकल’ फंड आहेत, त्यांत दारू-तंबाखू नाही, पण व्याज निषिद्ध म्हणून बँकाही नाहीत. माझी सारी नोकरी बँकेत गेली, त्यामुळे हे वाचून गंमत वाटली! ज्याची त्याची नीती वेगळी असते, हे मान्यच आहे.

‘तुमच्या दहा शेअरने कंपनीचे काय बिघडणार?’ असे लोक विचारतात. काहीही नाही. बाजारात शेअर घेतला की पैसे विकणाऱ्याला मिळतात, कंपनीला नव्हे. पण कंपनीला धडा शिकवायला कोण निघाले आहे? कोणत्या नफ्यावर म्हातारपण काढायचे, एवढाच प्रश्न आहे. कंपनीवर वजन पडते ते मतांचे. फंडांना त्यांच्याकडे शेअर असलेल्या कंपन्यांच्या ठरावांवर मतदान करणे आता बंधनकारक आहे, त्याचा तपशीलही संकेतस्थळावर असतो. तो इंग्रजी तक्त्यात दडलेला असतो, ही गोष्ट वेगळी.

सेबीकडे मागणी एकच. प्रत्येक फंडाच्या माहितीपत्रकाच्या पहिल्या पानावर, गुंतवणूकदाराच्या भाषेत, तंबाखू, दारू आणि जुगार या तिन्हींसमोर ‘आहे’ किंवा ‘नाही’ छापावे. इंडेक्स फंडांनाही यातून सूट नको. एलआयसीने हीच ओळ पॉलिसीच्या वार्षिक पत्रात टाकायला काय हरकत आहे?

– एक निवृत्त बँक कर्मचारी, ठाणे