आधी पंचांग, मग गाडी

चि. मनूस,
अनेक आशीर्वाद.

हरिहरेश्वर, श्रीवर्धन आणि दिवेआगर एका दिवसात करायचं, प्रदक्षिणाही घालायची आणि समुद्रात डुंबायचंही, असा तुमचा बेत फोनवर कळला. जमेल. पण तू तारीख ठरवलीस ती शनिवार बघून. तिथे वार बघून भागत नाही, तिथी बघावी लागते. हरिहरेश्वरची प्रदक्षिणा समुद्रालगतच्या खडकावरून आहे, तिला ओहोटी लागते आणि पोहायला चढतं पाणी बरं. ही दोन्ही दिवसाउजेडी, सोयीच्या वेळी मिळतील असे दिवस पंधरवड्यात तीन-चारच असतात. ते काढायचे कसे, हे आधी सांगते.

किनाऱ्यावरचा जुना हिशेब आहे: तिथीची पाऊणपट म्हणजे भरतीची वेळ. षष्ठी असेल तर सहा त्रिक अठरा, भागिले चार, साडेचार. म्हणजे दुपारी साडेचारच्या सुमारास पूर्ण भरती. भरती आणि ओहोटीत सव्वासहा तासांचं अंतर धर, की सकाळी सव्वादहाला पाणी सगळ्यात खाली. शुक्ल असो वा कृष्ण, दोन्ही पक्षांना हिशेब तोच. पंचांगात सूर्योदयाची तिथी असते, तीच घे. हा अंदाज पाऊण-एक तास इकडेतिकडे होतो, कारण भरती रोज नेमकी तेवढीच पुढे सरकत नाही. उधाणाच्या म्हणजे पौर्णिमा-अमावस्येच्या मोठ्या भरतीच्या दिवसांत कमी सरकते, भांगाच्या म्हणजे अष्टमीनंतरच्या लहान भरतीच्या दिवसांत जास्त. त्यामुळे तिथीवरून फक्त दिवस निवड आणि त्या दिवसाची नेमकी वेळ भरती-ओहोटीच्या तक्त्यात बघून घे. तक्ता मुंबईचा असेल तर तो मुंबईचा आहे एवढं लक्षात ठेवून दोन्हीकडे थोडा वेळ हाताशी राख.

तुमच्यासाठी पंचमी, षष्ठी, सप्तमी या तिथी उत्तम. त्यातही मी षष्ठी धरीन. अष्टमीपासून पुढे दोन-तीन दिवस भांग असतो, म्हणजे भरती फार चढत नाही आणि ओहोटीही फार उतरत नाही. वेळ सोयीची वाटते, पण प्रदक्षिणेच्या वाटेवरचा खडक पुरता उघडा पडत नाही. पौर्णिमा-अमावस्येला उलट. उधाणामुळे ओहोटीला खडक लांबवर मोकळा होतो, पण ती ओहोटी येते सकाळी सहाच्या आणि संध्याकाळी सहाच्या आसपास. हिवाळ्यात दोन्ही वेळा अंधाराला लागून. देवाच्या दर्शनाला पौर्णिमा चांगली असेल, या सहलीला नाही. आणि जून ते सप्टेंबर हा विचारच नको. पावसाळ्यात ओहोटीलाही लाटा त्या वाटेवर येतात, आणि ज्या दिवसांत कोळी होडी काढत नाहीत त्या दिवसांत आपण पाण्यात उतरायचं नसतं.

मुंबई-पुण्याहून पहाटे निघून हे सगळं होईल असं कुणी म्हणत असेल तर त्याला नकाशा दाखव. चार-पाच तास जातानाच मोडतात आणि ओहोटी हातची जाते. आदल्या रात्री श्रीवर्धनला मुक्काम करा. तिथून हरिहरेश्वर दक्षिणेला, दिवेआगर उत्तरेला, दोन्हीकडे वीसेक किलोमीटर. आधी दक्षिण उरकायची, मग परत श्रीवर्धनवरून उत्तरेला. एवढ्याशा अंतराला पाऊण तास लागतो, रस्ता वळणांचा आणि अरुंद आहे.

आता षष्ठीचा दिवस धरून सांगते. आंघोळी उरकून साडेसातला निघा. तीर्थस्नान तिथेच करू म्हणणारा एखादा तुमच्यात असेलच. त्याला सांग, हरिहरेश्वरजवळ सावित्रीची खाडी समुद्राला मिळते, आणि पाणी उतरत असताना खाडीच्या मुखाशी ओढ जबरदस्त असते. बाकी कडेला खडक. ती पोहायची जागा नव्हे.

देवळात पद्धत अशी: पहिलं दर्शन काळभैरवाचं, मग हरिहरेश्वराचं, आणि निघताना पुन्हा काळभैरवाचं. हरिहरेश्वराच्या गाभाऱ्यात ब्रह्मा, विष्णू, महेश आणि पार्वती अशी चार रूपं मानतात. हे पेशव्यांचं कुलदैवत. बाळाजी विश्वनाथ भट मूळचे श्रीवर्धनचे, तिथली देशमुखी त्यांच्या घराण्याकडे होती. जंजिऱ्याच्या सिद्दीशी बिनसल्यावर त्यांना गाव सोडावं लागलं आणि १७१३ साली ते साताऱ्याच्या शाहू महाराजांचे पेशवे झाले. श्रीवर्धनला त्यांचा पुतळा आहे. त्या दिवशी दोनदा त्या गावातून जाणार आहात, तेव्हा बघून घ्या.

सव्वानऊला प्रदक्षिणेला लागा. ओहोटीच्या तासभर आधी उतरायचं, म्हणजे मागे वळणारं पाणी तुमच्या बाजूने असतं. आधी पायऱ्या चढून डोंगराच्या खांद्यावर जायचं आणि मग कातळाच्या फटीतून खाली थेट समुद्राच्या पातळीवर. प्रदक्षिणा उजवी घालायची असते, त्यामुळे डोंगर उजव्या हाताला आणि समुद्र सबंध वाटभर डाव्या हाताला राहतो. वाटेत गायत्रीतीर्थ, शुक्लतीर्थ, पांडवतीर्थ अशी नावं ऐकाल. न थांबता गेलात तर पाऊण तास, बघत गेलात तर तास.

आणि बघायलाच हवं. उजवीकडच्या कड्याला मधमाशीच्या पोळ्यासारखी भोकं पडलेली दिसतील. ती कुणी कोरलेली नाहीत. लाटांचे तुषार खडकाच्या बारीक छिद्रांत शिरतात, उन्हाने पाणी उडून जातं, मागे मिठाचे स्फटिक वाढतात आणि खडकाचे कण आतून सुटे करतात. एकदा खळगा पडला की त्यात ओल जास्त वेळ टिकते, म्हणून तो आणखी खोल होतो आणि मधल्या भिंती तेवढ्या उभ्या राहतात. पायाखालचा सपाट कातळ मात्र लाटांनी कापलेला. कडा पायथ्याशी कोरला जातो, वरचा भाग ढासळतो, आणि कडा मागे सरकत जाताना पुढे हा ओटा उरतो. तुम्ही ज्यावरून चालणार तो ओटा म्हणजे भरतीच्या वेळचा समुद्राचा तळ आहे.

धोका इथेच असतो. माणसं वाहून जातात ती वादळात नव्हे, स्वच्छ उन्हात, फोटो काढताना. लाटा एकसारख्या येत नाहीत. दहा-पंधरा मिनिटं लहान लहान येतात, माणूस धीट होतो, पुढे सरकतो, आणि मग दोन-तीन मोठ्या पाठोपाठ येतात. म्हणून फटीतून बाहेर पडायच्या आधी दहा मिनिटं वरच उभं राहून नुसतं बघा, सगळ्यात मोठी लाट कुठवर पोचते ते. ऊन असताना खडक ओला दिसला, तर लाट नुकतीच तिथवर आली होती असं समजायचं आणि कोरड्यावरूनच चालायचं. काळसर चकचकीत दिसतं ते शेवाळ, त्यावर पाय ठरत नाही. कालवांची टरफलं पात्यासारखी कापतात. कुणाला अनवाणीच प्रदक्षिणा घालायची असेल तर त्याला अडवू नकोस, पण बाकीच्यांनी मागे पट्टा असलेल्या चपला घालाव्यात. अंगठ्याच्या नकोत. समुद्राकडे पाठ कुणीच करायची नाही, तुमच्या त्या फोटोवाल्यानेही नाही.

परतीच्या पाण्याबद्दल एक गोष्ट डोक्यात पक्की ठेव. पाणी सगळा वेळ एका गतीने चढत नाही. ओहोटीनंतर पहिल्या तासात एकूण चढाच्या बाराव्या हिश्श्याइतकंच चढतं, दुसऱ्या तासात दोन हिस्से, आणि तिसऱ्या-चौथ्या तासात तीन-तीन. पहिला तासभर समुद्र हललेलाच दिसत नाही, त्यावर विसंबून जो रेंगाळतो तो पुढे अडकतो. सव्वादहा-साडेदहाला तुम्ही वर असायला हवं. उशीर झाला, मोठ्या लाटा दिसल्या किंवा तिथल्या माणसाने हात हलवून नको म्हटलं, तर प्रदक्षिणा सोडून द्यायची. वरूनच नमस्कार केला तरी चालतो.

अकराला निघालात की श्रीवर्धनला लक्ष्मीनारायणाच्या देवळात बाराच्या आत पोचाल. दुपारी गाभारे बंद असू शकतात, म्हणून तिथे वेळ काढू नका. विष्णूची मूर्ती बघताना चार हात एका क्रमाने वाच: उजवा खालचा, उजवा वरचा, डावा वरचा, डावा खालचा. शंख, चक्र, गदा, पद्म यांची जागा बदलली की विष्णूचं नाव बदलतं. अशी चोवीस नावं आहेत, संध्येत म्हणतात ती. पद्म, शंख, चक्र, गदा असा क्रम आला तर तो केशव. इथला क्रम लिहून ठेव आणि दिवेआगरला रूपनारायणाच्या विष्णुमूर्तीशी ताडून बघ. हात वस्त्रांखाली झाकलेले असतील तर गुरुजींना नम्रपणे विचारायचं, स्वतः वाकून चाचपायचं नाही. फोटोही विचारूनच.

तिथून शेखाडीवरून किनाऱ्याकिनाऱ्याने दिवेआगरला जा. आतल्या रस्त्यापेक्षा हा रस्ता कितीतरी देखणा. एक-सव्वा वाजता पोचाल. जेवण आदल्या दिवशी सांगितलेलं असलं तरच मिळेल असं धरून चाला, कारण तिथल्या घरगुती खाणावळी माणसं मोजून रांधतात. उकडीचे मोदक तर आयत्या वेळी मिळतच नाहीत. पण पोहणाऱ्याने दोन मोदकांवर जाऊ नये, पोट जड झालं की पाण्यात दम लवकर लागतो.

जेवणानंतर देवळं. सुवर्णगणेशाची हकीकत तुला माहीत आहे: १९९७ साली वाडीत खणताना तांब्याच्या पेटीत सोन्याचा मुखवटा मिळाला, २०१२ साली दरोडा पडून तो गेला, आणि २०२१ साली नव्याने स्थापना झाली. तिथे गर्दी होते. रूपनारायणाकडे लोक वळत नाहीत, आणि माझ्या मते बघण्यासारखी मूर्ती तीच. शिलाहार राजांच्या काळची, एका शिळेतली, प्रभावळीवर दशावतार. मत्स्यापासून सुरुवात करून सगळे दहा शोधून काढा, दहा मिनिटं सहज जातात. याच गावात शके ९८२ म्हणजे इ.स. १०६० चा ताम्रपट सापडला, मराठीच्या अगदी जुन्या लेखांपैकी एक. हजार वर्षांपूर्वी इथे लिहिणारी-वाचणारी वस्ती होती.

पाण्यात उतरायचं तीनला. मीठ आणि वाळू अंगावर घेऊन देवळात जायला नको, म्हणून पोहणं शेवटी. षष्ठीला तीन वाजता पाणी अजून चढत असतं, पण शेवटच्या दीड तासात वेग मंदावलेला असतो. चढतं पाणी किनाऱ्याकडे लोटतं, उतरतं पाणी आत नेतं. सव्वाचारला बाहेर. भरती पुरी झाली की वळायच्या आधी सगळे वाळूवर.

आधी सुरूच्या बनापाशी थोड्या उंचावर उभं राहून पाणी बघा. जिथे लाटा फुटताना पांढरा फेस दिसतो तिथे उथळ आहे. मधेच एखादा पट्टा काळसर, शांत, लाटा न फुटणारा दिसला, आणि त्यावरून फेस किंवा गढूळ पाणी आत जाताना दिसलं, तर ती ओढ. लाटांनी किनाऱ्यावर आणलेलं पाणी त्या वाटेने परत जात असतं. नवखा माणूस शांत म्हणून नेमका तिथेच उतरतो. कुणी सापडलाच तर किनाऱ्याकडे तोंड करून झगडायचं नाही, पट्टीचा पोहणाराही त्यात थकतो. ओढ तळाशी खेचत नाही, आत नेते. तरंगत राहायचं, एक हात वर करायचा, आणि किनाऱ्याला समांतर पोहून पट्ट्याच्या बाहेर पडल्यावर लाटांबरोबर तिरकं परत यायचं. मदतीला धावताना कुणीही मोकळ्या हाताने उडी टाकायची नाही. दोर, रिकामा झाकणबंद कॅन, जे तरंगेल ते फेकायचं. पाच लिटरचे दोन रिकामे कॅन आणि वीस मीटर दोर गाडीत टाकून ठेव.

तुमच्यातले पोहणारे सगळे विहिरीत नाहीतर तलावात शिकलेले. खाऱ्या पाण्यात शरीर जास्त तरंगतं, त्यामुळे फुकटचा आत्मविश्वास येतो. कमरेपेक्षा खोल नको. मोठी लाट आली तर तिच्याकडे बाजू करून उभं राहायचं, किंवा फुटायच्या आत खाली बुडी मारायची. पाय उचलून टाकण्यापेक्षा वाळूवरून घासत चाला, वाळूत दडलेलं पाकट (शेपटीला काटा असलेला चपटा मासा) असेल तर आधीच निघून जातं. जेलीफिश डसली तर चोळायचं नाही, वाळू आणि गोडं पाणी लावायचं नाही. समुद्राच्याच पाण्याने धुवून तंतू चिमट्याने काढायचे आणि सोसेल इतक्या गरम पाण्यात तो भाग वीस मिनिटं धरायचा. दम लागला, ओठ सुजले तर सरळ दवाखाना. जोड्या करून उतरा, आणि एक जण पूर्ण वेळ वाळूवर मोजणी करत बसलेला हवा. पाळीपाळीने. मोटरच्या बोटी जिथून सुटतात त्या बाजूला जायचं नाही.

गाडी वाळूवर घालायची नाही. ओहोटीला वाळू सिमेंटसारखी वाटते, भरती चढली की चाकाखालून सुटते, आणि मग अख्खं गाव ट्रॅक्टर शोधत फिरतं.

बाहेर आल्यावर गोड्या पाण्याने आंघोळ, कानातलं पाणी डोकं तिरपं करून काढायचं, काडी घालायची नाही. चालवणाऱ्याने अर्धा तास पाठ टेकावी. दिवसभराचं ऊन आणि पोहणं झाल्यावर वळणावर डोळा लागतो, म्हणून परत श्रीवर्धनलाच मुक्काम करा आणि घाट सकाळी ओलांडा.

पंचांग बघून तारीख कळव. किती जण, त्यात मासे न खाणारे किती, तेही लिही.

तुझी
आई