बाकड्याखालची पंच्याची घडी

आबा, सप्रेम नमस्कार.

गॅदरिंग होऊन चार दिवस झाले, तरी वर्गात अजून तीच गाणी चालू आहेत. तुम्ही पाकीट घेतलं नाहीत, चहाही अर्धा टाकून रात्रीच्या नाटकाला पळालात. म्हणून हे असं चारचौघांत लिहिते आहे.

स्पायडरमॅनचं संगीत नाटक बसवायचं खूळ माझंच. डोक्यात न्यूयॉर्कच्या ब्रॉडवेवरचं नाटक : साडेसात कोटी डॉलर खर्च, यू-टू बँडच्या बोनो आणि द एज यांचं संगीत, प्रेक्षकांच्या डोक्यावरून उडणारे नट. आम्हाला निदान एक उड्डाण हवं होतं. दोरकामवाल्याने आगाऊ पैसे घेतले आणि फोन उचलणं बंद केलं. एका नावाजलेल्या दिग्दर्शकांनी तर 'कार्टूनच आहे, मागे गाणं लावा, नाचतील पोरं' म्हणून वाटेला लावलं. त्यांचेही आभार. नाहीतर दशावतारात पखवाज वाजवणाऱ्या तुमच्या दारात कशाला आले असते?

तुम्ही गोष्ट शेवटपर्यंत ऐकलीत. पीटरचा काका मरतो तिथे पखवाजावरची बोटं थांबली. मग म्हणालात, "उडाक दोर कित्याक व्हयो? बाकडा आसा मा."

दशावतारात त्याच बाकड्याचं सिंहासन होतं, रथ होतो, हे लहानपणापासून पाहत आले. त्याची न्यूयॉर्कमधली इमारत होईल, हे सुचलं नव्हतं. खलनायक हिरव्या गॉब्लिनला तुम्ही राक्षसाचा प्रवेश दिलात, आरोळ्या ठोकत, झांजेच्या गजरात. बालवाडीची अख्खी रांग आयांच्या मांडीत शिरली! आणि उड्डाण? पोरगी बाकड्यावर हात पसरून उभी, पायपेटीचा सूर चढत चाललेला, पखवाज दुगुणीत. लोक माना वर करून बघत होते. वर काहीच नव्हतं.

पण पत्र त्यासाठी नाही. त्या प्रवेशाआधीच्या अंधारात तुम्ही खाली वाकलात. बाकड्याचा एक पाय आखूड. खांद्यावरचा पंचा काढलात, घडी करून पायाखाली सारलीत, बाकडं दाबून, हलवून पाहिलंत आणि मुकाट्याने पखवाजापाशी जाऊन बसलात. रंगीत तालमीत पोरगी तिथेच अडखळली होती. आम्ही सगळ्या बाई तिला 'घाबरट' म्हणून हसलो होतो. वाकून कुणीच बघितलं नव्हतं.

ब्रॉडवेच्या त्याच नाटकात, 20 डिसेंबर 2010 रोजी, चालू प्रयोगात एक नट उंचावरून कोसळला. सुरक्षेचा दोर अडकवायचा राहून गेला होता. तिथे पैशाला तोटा नव्हता, माणसांना नव्हता. न सांगता वाकून बघणारी तुमच्यासारखी माणसं पडद्यामागे असतात, म्हणून आम्ही पुढे मिरवतो.

पोरीला विचारलं, भीती नाही वाटली? म्हणाली, "आजोबांनी बघितलं होतं ना, बाई."

पंचा धुऊन ठेवलाय. तुम्ही येताय, की रात्री नाटकाला येताना मीच घेऊन येऊ?