‘बघतो’ म्हणजे होकार की नकार?

महोदय,

महाराष्ट्र शासनाने 2024 मध्ये जर्मनीतील बाडेन-वुर्टेमबर्ग राज्याशी कुशल मनुष्यबळाचा करार केल्यापासून जर्मनच्या वर्गांची बरीच चर्चा झाली. भाषा हवीच, पण वेगळ्या भाषेच्या आणि सवयींच्या माणसांबरोबर काम करणेही शिकवायला हवे. बी-1 म्हणजे रोजचे व्यवहार निभावता येण्याची मधली पातळी गाठायला 45 मिनिटांच्या किमान 350 तासिका लागतात, असा जर्मन शिकवणाऱ्या गोएथे इन्स्टिट्यूटचा अंदाज आहे. पण बी-1 झालेला आपला मुलगाही वरिष्ठाला ‘बघतो’, ‘करून टाकू’ असेच सांगतो, फक्त जर्मनमध्ये. तोंडावर नाही म्हणणे आपल्याकडे उद्धटपणाचे, म्हणून हा मऊ नकार. समोरचा मात्र तो होकार समजून तारीख लिहून घेतो. काम झाले नाही की मुलगा बेभरवशाचा ठरतो, आणि आपले काय चुकले हे त्याला कळतही नाही.

असा घोळ व्हायला परदेशीच जायला हवे असे नाही. चाकण-रांजणगावात एकाच पाळीत मराठी, ओडिया, हिंदी बोलणारे कामगार आणि वर कोरियन किंवा जर्मन अभियंता, हे रोजचे चित्र आहे. त्यावर महाविद्यालयांचा उपाय म्हणजे कॅम्पस मुलाखतींच्या तोंडावर ‘सॉफ्ट स्किल्स’चे एक दिवसाचे व्याख्यान. ते टायच्या गाठीपुढे फारसे जात नाही.

परक्यांबरोबर काम करण्याचा हा विषय प्रात्यक्षिकाचा आहे. 2 श्रेयांकांचे (क्रेडिट) प्रात्यक्षिक म्हणजे 60 तास: आठवड्याला 4 तास, 15 आठवडे. पाच-पाच जणांचे गट शिक्षकांनीच पाडावेत आणि एका गटात एकाच जिल्ह्याचे दोघांहून अधिक नसावेत. मुलांवर सोपवले तर होस्टेलची खोली हाच गट होतो. दर आठवड्याला बैठक घ्यावी, अध्यक्ष आळीपाळीने बदलावा. कोण, काय, कोणत्या तारखेपर्यंत करणार एवढेच टिपण 24 तासांत सर्वांना जावे. निम्मे गुण या टिपणांना द्यावेत. सादरीकरणाला सगळे गुण दिले की इंग्रजी सफाईने बोलणारा एकटा बोलतो, बाकीचे चौघे मागे उभे राहतात.

सराव नेमक्या घसरणाऱ्या जागांचा हवा. 03/04 ही तारीख आपल्याला 3 एप्रिल, अमेरिकनाला 4 मार्च. जर्मन कागदावर 1.500 म्हणजे दीड हजार आणि 1,5 म्हणजे दीड. जर्मनीची वेळ हिवाळ्यात आपल्यापेक्षा साडेचार तास मागे असते, उन्हाळ्यात साडेतीन. मार्च आणि ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी तिथली घड्याळे बदलतात आणि सोमवारच्या बैठकीला कुणीतरी तासभर चुकतोच. अभियांत्रिकीत तर गफलत थेट पैशात मोजावी लागते. वस्तूच्या वेगवेगळ्या बाजू कागदावर मांडण्याची आपण फर्स्ट अँगल प्रोजेक्शन ही पद्धत शिकवतो, अमेरिकन ड्रॉइंग थर्ड अँगलमध्ये येते आणि त्यात बाजूंच्या जागा उलट असतात. कोपऱ्यातले पद्धत सांगणारे चिन्ह न पाहता काम सुरू केले, तर भोक उलट्या बाजूला पडते आणि नग भंगारात जातो. ‘आय हॅव अ डाउट’ हे वाक्यही तसेच: आपल्या लेखी साधी शंका, परक्याच्या कानाला अविश्वास.

हे शिकवायला भाषेचा आणि कार्यशाळेचा असे दोन शिक्षक एकाच तासाला हवेत. गाडी अडते ती इथेच. कारण तो तास कार्यभारात, म्हणजे शिक्षकाच्या शिकवण्याच्या तासांच्या हिशेबात, कुणाच्या नावावर धरायचा हे ठरत नाही, आणि विषय शेवटी एकट्या इंग्रजीच्या शिक्षकाच्या गळ्यात पडतो. विद्यापीठांनी तो दोघांच्याही नावे पूर्ण धरण्याची परवानगी येत्या शैक्षणिक वर्षाचे वेळापत्रक लागण्यापूर्वी द्यावी, ही विनंती.

– तंत्रशिक्षण क्षेत्रातील दोन अध्यापक, पुणे