तुरटीने रक्त थांबते, पायोरिया थांबत नाही

मा. संपादक,
स. न. वि. वि.

हिरड्यांतून रक्त येत असेल तर तुरटी, सैंधव आणि हळद यांची पूड दिवसातून दोनदा चोळावी आणि रक्त थांबेपर्यंत ब्रश बंद ठेवावा, असा सल्ला आपल्या आरोग्यपानावर छापून आला. त्यातला दुसरा भाग घातक आहे आणि पहिला फसवा. हा सल्ला कोकणात घरोघरी आधीच पाळला जातो, म्हणून सविस्तर लिहीत आहोत.

तुरटी कातडी आवळते. हिरडीच्या वरच्या भागातले रक्त तेवढ्यापुरते थांबते आणि माणूस निश्चिंत होतो. रक्त ज्या कारणाने येत होते ते मात्र हिरडीच्या कडेखाली जागच्या जागी राहते. दात आणि हिरडी यांच्या सांध्यावर जिवाणूंचा चिकट, पांढुरका थर रोज बसतो. नखाने खरवडला तर तो निघतो, चूळ भरून निघत नाही. एक-दोन दिवस तसाच राहिला की लाळेतले कॅल्शियम आणि फॉस्फेट त्यात उतरू लागतात आणि पुढच्या दीड-दोन आठवड्यांत त्याचे टणक कीटण होते. ते आधी कुठे धरते हेही ठरलेले आहे : खालच्या पुढच्या दातांची जिभेकडची बाजू आणि वरच्या दाढांची गालाकडची बाजू, कारण लाळग्रंथींची तोंडे तिथेच उघडतात. या दोन्ही जागा आरशात सहज दिसत नाहीत. खालच्या दातांमागे जीभ फिरवावी. खरखरीत लागले तर ते कीटण समजावे.

डेन्मार्कमधील आर्हूस येथे १९६५ मध्ये १२ निरोगी हिरड्यांच्या व्यक्तींना दात घासणे पूर्ण बंद करायला सांगून पाहिले गेले. १० ते २१ दिवसांत सगळ्यांच्या हिरड्या सुजल्या. पुन्हा घासायला लागल्यावर आठवडाभरात त्या पूर्ववत झाल्या. म्हणजे रक्त आल्यावर ब्रश बंद करणे हे नेमके उलटे औषध आहे. सुजलेल्या हिरडीवर मऊ ब्रश नीट फिरवला तर पहिले काही दिवस रक्त येते, मग कमी होते. दोन आठवडे नीट घासूनही येत राहिले तर आत कीटण आहे आणि ते घरी निघणार नाही, असे धरून चालावे.

आता नीट घासणे म्हणजे काय ते. ब्रश ‘सॉफ्ट’ घ्यावा. ‘हार्ड’ ब्रशने दात जास्त स्वच्छ होतात ही समजूत दुकानदारही पसरवतात. पेस्ट वाटाण्याएवढी पुरे. ब्रशचे केस अर्धे दातावर आणि अर्धे हिरडीच्या कडेवर टेकतील असे ४५ अंशांत तिरके धरावेत. तिथेच हलके थरथरवावेत आणि मग दाताच्या टोकाकडे झटकावे. एका वेळी दोन-तीन दात. खालच्या पुढच्या दातांच्या मागे ब्रश उभा धरावा लागतो, आडवा तिथे बसतच नाही. सगळे मिळून दोन मिनिटे, सकाळी एकदा आणि रात्री जेवल्यावर एकदा. यातली रात्रीची वेळ जास्त महत्त्वाची, कारण झोपेत लाळ कमी होते. करवत चालवल्यासारखे आडवे घासले की हिरडी मागे सरते, दाताच्या मुळाशी पाचरीसारखी खाच पडते आणि गार पाणी लागले की दात शिवशिवतात. राखुंडी, कोळशाची पूड आणि जाडे मीठ यांनीही तेच होते.

दोन दातांच्या मधली जागा ब्रशला कधीच गाठता येत नाही आणि पायोरियाची, म्हणजे हिरडीखालचे हाड झिजवणाऱ्या आजाराची, सुरुवात बहुधा तिथूनच होते. दात चिकटून असतील तर फ्लॉस वापरावा. दोरा दातांमध्ये उतरवून एका दाताला मिठी मारल्यासारखा वळवावा आणि वर-खाली ओढावा, मग शेजारच्या दाताला तसेच. फटी पडल्या असतील तर दातांमधला छोटा ब्रश, म्हणजे इंटरडेंटल ब्रश, फ्लॉसपेक्षा चांगला. तो किंचित अडत आत जाईल अशा मापाचा हवा. जोर लावून घुसवावा लागला तर माप मोठे आहे. एकाच तोंडात दोन मापे लागू शकतात, म्हणून पहिल्यांदा दंतवैद्याकडून मापे ठरवून घ्यावीत. मासे खाऊन झाल्यावर खराट्याचा हीर मोडून दात कोरण्याची आपल्याकडची सवय मात्र सोडावी. हिराचे टोक हिरडीच्या कोपऱ्यात मोडून राहते आणि दोन दिवसांनी तिथे पू धरतो.

मिठाच्या पाण्याबद्दल थोडक्यात. पेलाभर कोमट पाण्यात अर्धा चमचा मीठ घालून गुळण्या कराव्यात, सूज आणि ठणका उतरतो. कीटणाला त्याने काहीही होत नाही. क्लोरहेक्सिडिनचे औषधी पाणी (०.२ टक्के, १० मिली, दिवसातून दोनदा एक मिनिट) दोन आठवड्यांच्या पुढे स्वतःच्या मनाने वापरू नये. दातांवर तपकिरी डाग पडतात, चहा पिणाऱ्यांच्या दातांवर अधिकच, आणि जिभेची चव बदलते. पेस्टने दात घासल्यावर लगेच ते घेतले तर पेस्टमधल्या फेसामुळे त्याचा गुण कमी होतो, मध्ये अर्धा तास जाऊ द्यावा.

मशेरीवर न लिहिता हे पत्र पुरे होणार नाही. तव्यावर काळा होईपर्यंत भाजलेला तंबाखू म्हणजे मशेरी. भाजल्याने तिच्यातले निकोटीन नाहीसे होत नाही, म्हणूनच ती दात घासण्यापुरती राहत नाही आणि सकाळी, जेवल्यावर, निजताना अशी लावावी लागते. ‘मशेरीने हिरड्या घट्ट राहतात’ असे सांगणाऱ्या बायका खोटे बोलत नाहीत. तंबाखूमुळे हिरडीचा रंग फिकट पडतो आणि रक्तही कमी येते, त्यामुळे सूज असूनही ती दिसत नाही. हाड मात्र आत झिजत असते. रक्त न येता थेट दात हलायला लागला, अशी तक्रार घेऊन येणाऱ्यांना मशेरी किंवा विडीबद्दल आवर्जून विचारावे लागते ते यासाठीच. मशेरीचे बोट जिथे रोज टेकते तिथली हिरडी मागे सरते आणि शेजारी सुरकुतलेला पांढरा चट्टा उठतो. असा चट्टा किंवा न भरणारा व्रण दोन आठवड्यांहून जास्त राहिला तर दाखवायलाच हवा, कारण पुढचा धोका तोंडाच्या कर्करोगाचा आहे.

मशेरी एकदम सुटत नसेल तर दिवसातल्या वेळा मोजाव्यात, आधी दुपारची सोडावी, मग रात्रीची, आणि सकाळी उठल्याबरोबरची शेवटी. तलफ काही मिनिटांत ओसरते, तेवढा वेळ तोंडात बडीशेप किंवा लवंग धरावी. तंबाखू सोडण्यासाठी १८०० ११ २३५६ हा राष्ट्रीय मोफत क्रमांक आहे. तलफेच्या जागी सुपारी मात्र धरू नये. श्रीवर्धनच्या रोठा सुपारीचा आपल्याला अभिमान असला तरी, सुपारी तंबाखूशिवायही कर्करोगकारक आहे असे जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने ठरवले आहे. तिच्यामुळे तोंड उघडेनासे होते आणि मग मागच्या दाढांपर्यंत ब्रशही पोहोचत नाही.

दवाखान्यात काय होते याविषयी भीती फार आहे. दंतवैद्य खुणा असलेली बोथट सळई हिरडी आणि दात यांच्या मधल्या फटीत अलगद उतरवून खोली मोजतात. १ ते ३ मिलिमीटर ठीक. ४ किंवा अधिक आली आणि एक्स-रेमध्ये हाड खाली गेलेले दिसले की तो पायोरिया. नुसत्या सुजेपर्यंत आजार पूर्ण बरा होतो. हाड गेल्यावर ते आपोआप भरून येत नाही, उरलेले वाचवणे एवढेच हातात असते. मशीनने वरचे कीटण काढणे म्हणजे स्केलिंग. खोल फटी असतील तर भूल देऊन मुळापर्यंत सफाई करतात, बहुधा दोन ते चार फेऱ्यांत. चार-सहा आठवड्यांनी पुन्हा मोजणी होते आणि जिथे फट खोलच राहिली तिथे हिरडी उघडून सफाई करायची की नाही ते तेव्हा ठरते. त्यानंतर दर तीन-चार महिन्यांनी तपासणी लागते, कारण जिवाणू त्या फटींत परत वस्ती करतात.

‘साफ केल्यावर दात हलायला लागले’ ही तक्रार सर्वत्र ऐकू येते. हाड आधीच गेलेले असते, कीटणाने शेजारचे दात एकमेकांना जखडून ठेवलेले असतात. ते काढले की खरी स्थिती कळते. सूज उतरल्यावर फटीही दिसू लागतात आणि काही दिवस दात शिवशिवतात. यासाठी दंतवैद्यांनी हे काम सुरू करण्याआधी सांगावे. नुसत्या गोळ्या घेऊन मात्र भागत नाही : जिवाणूंच्या चिकट थरात अँटिबायोटिक नीट शिरत नाही, आठवडाभर बरे वाटते आणि पू पुन्हा येतो.

तीन प्रकारच्या रुग्णांनी जास्त जागे राहावे. मधुमेहींमध्ये पायोरिया वेगाने वाढतो आणि पायोरियामुळे साखर आवरत नाही. हिरड्यांवर नीट उपचार झाल्यावर तीन-चार महिन्यांत एचबीएवनसी (गेल्या दोन-तीन महिन्यांतली सरासरी साखर सांगणारा टक्क्यांतला आकडा) सरासरी ०.४ च्या आसपास उतरल्याचे चाचण्यांत दिसले आहे. रक्तदाबासाठी ॲम्लोडिपिन घेणाऱ्या काहींच्या हिरड्या दातांवर चढतात. गोळी स्वतःहून बंद करू नये, डॉक्टरांना दाखवून पर्याय विचारावा. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्याही स्वतःहून बंद करू नयेत, फक्त दंतवैद्यांना आधी सांगावे. गरोदर बायकांच्या हिरड्या सहज सुजतात, त्यांनी बाळंतपणापर्यंत थांबू नये. चौथ्या ते सहाव्या महिन्यात सफाई सर्वांत सोयीची.

आता मागण्या. आरोग्य केंद्रांत रक्तदाब-साखर तपासणीला रांग लागते, तिथेच प्रत्येकाला तीन प्रश्न विचारावेत : घासताना रक्त येते का, दात हलतो का, मशेरी लावता का? एका ‘हो’ला ग्रामीण रुग्णालयाच्या दंत विभागाची चिठ्ठी द्यावी. तिथे स्केलरची, म्हणजे कीटण काढायच्या मशीनची, टोके वेळेवर बदलावीत. टोक १ मिमी झिजले तर काम सुमारे पाव भागाने घटते, २ मिमीला निम्मे. मग दोन मिनिटांचे काम चार मिनिटांचे होते आणि रुग्ण दुखले म्हणून परत येत नाही. पावसाळ्यात वीज जाते म्हणून तारीख पुढे ढकलू नये, हाताने चालवायच्या क्युरेटला (कीटण खरवडायच्या सळईला) वीज लागत नाही, फक्त तिची धार जागेवर हवी. गणपतीला येऊन आपल्या आईवडिलांना ‘आहे तेवढ्या दिवसांत सगळे करून द्या’ असे सांगून दवाखान्यात घेऊन येणाऱ्या चाकरमान्यांना एवढीच विनंती, की भूल देऊन करायच्या सफाईसाठी वेगवेगळ्या दिवशी फेऱ्या लागतात. पहिली फेरी सुट्टीच्या सुरुवातीला घ्यावी, शेवटच्या दिवशी नाही.

आरोग्यपानावरचा सल्ला दुरुस्त करून त्याच जागी आणि तेवढ्याच ठळक अक्षरांत छापावा, ही विनंती.

आपले,
दंतवैद्यकीय क्षेत्रात काम करणारे काही वाचक, दापोली