लव्हेंडर जुनं होत नाही

चि. निखिल,
अनेक आशीर्वाद.

‘लव्हेंडर म्हणजे म्हाताऱ्यांचा साबणासारखा वास’ असं तू फोनवर म्हणालास. ते मला पटलेलं नाही, म्हणून सविस्तर लिहितोय.

साबणात आणि डिटर्जंटमध्ये बहुतेक वेळा लव्हँडिन या संकरित झाडाचं तेल असतं. ते भरपूर निघतं, स्वस्त पडतं, पण त्यात कापूर जास्त. खऱ्या लव्हेंडरचा वास त्यापेक्षा कितीतरी मऊ असतो.

मी लावतो तो कारोन या फ्रेंच कंपनीचा ‘पूर अन ऑम’ हा लव्हेंडर-व्हॅनिलाचा परफ्यूम. कंपनीचे संस्थापक एर्नेस्ट दाल्त्रॉफ यांनी तो १९३४ साली बाजारात आणला. खास पुरुषांसाठी म्हणून निघालेल्या सुरुवातीच्या परफ्यूमपैकी हा एक, आणि अजूनही मिळतो. लव्हेंडर आणि व्हॅनिला ही जोडी काही त्यांनी पहिल्यांदा जमवली नाही. गेर्लां या दुसऱ्या फ्रेंच कंपनीच्या ‘जिकी’ परफ्यूममध्ये ती १८८९ सालीच होती. पण दाल्त्रॉफ यांनी बाकीचा पसारा आवरला आणि या दोघांनाच पुढे आणलं. माझ्या मते सगळी करामत तिथेच आहे.

मनगटावर एकदा फवार आणि चोळू नकोस. सुरुवातीला वास थंड, हिरवा, थोडा तिखट येतो, बोटांत रोझमेरीची पानं चुरडावीत तसा. इथेच बरेच जण नाक मुरडतात आणि दुकानातून बाहेर पडतात. तू थांब. लव्हेंडरच्या वासात लिनालूल आणि लिनालिल ॲसिटेट ही मुख्य द्रव्यं असतात. ती हलकी, लवकर उडतात. व्हॅनिलातलं व्हॅनिलिन जड, ते त्वचेला धरून राहतं. त्यामुळे लव्हेंडर ओसरू लागतं तसतसा खालून व्हॅनिला वर येतो. मधे बराच वेळ दोन्ही बरोबरीने असतात: एकाचा कोरडेपणा दुसऱ्याला गोडमिट्ट होऊ देत नाही. हा वेळ मला सगळ्यात प्रिय. संध्याकाळी शर्टाच्या कॉलरवर उरते ती नुसती ऊब.

नवे परफ्यूम मीही हुंगतो. त्यातले बरेच पहिल्या मिनिटातच सगळं सांगून मोकळे होतात. हा अख्खा दिवस घेतो.

आधी छोटीच बाटली घे. खिडकीत ठेवू नकोस, उन्हाने वास बिघडतो. चार-पाच दिवस लावून मग मला फोन कर.

तुझे,
बाबा