फुटाचा रेट फोनवर विचारू नका

मा. संपादक,
स. न. वि. वि.

"मॅडम, फुटाला काय घेता?" दवाखाना असो, शाळा असो की बँकेची शाखा, फोनवरचा पहिला प्रश्न हाच असतो. फरशी कसली, तिच्यावर जुन्या पॉलिशचे किती थर बसलेत, काम रात्रीचं की सुट्टीच्या दिवसाचं, यातलं काही कोणी सांगत नाही. मी ठाण्यात एकोणीस वर्षं फ्लोअर पॉलिशच्या कामात आहे. आधी दुसऱ्याकडे सुपरवायझर होते, आता माझी स्वतःची सहा माणसं आणि फरशी घासायची दोन सिंगल डिस्क मशिन आहेत. या एका प्रश्नापायी आमच्याकडे मजुरांच्या पोटावर पाय येतो, म्हणून हे पत्र.

दोन वर्षांपूर्वी एका खासगी रुग्णालयाने ६,००० चौरस फूट व्हिनाइल (प्लास्टिकच्या) फरशीसाठी कोटेशन मागवलं. जुनं पॉलिश स्ट्रिपरने, म्हणजे ते सोडवणाऱ्या रसायनाने, पूर्ण काढायचं आणि नव्याचे चार कोट म्हणजे थर द्यायचे. मी साडेनऊ रुपये फूट सांगितला, म्हणजे ५७,००० आणि वर १८ टक्के जीएसटी. काम चार रुपयांवाल्याला गेलं. त्याचे झाले २४,०००.

आता हिशोब बघा. एक लिटर पॉलिश साधारण ५०० फुटांना पुरतं. ६,००० फुटांना एका कोटला १२ लिटर, चार कोटना ४८. मी वापरते ते पॉलिश तेव्हा ३५० रुपये लिटर पडत होतं, म्हणजे १६,८०० पॉलिशमध्येच गेले. उरले ७,२००. रुग्णालयात रात्री दहा ते पहाटे पाच एवढीच वेळ मिळते. त्यात पाच माणसं मिळून दीड हजार फूट उरकतात. चार रात्री, म्हणजे एका माणसाची एका रात्रीची एक अशा वीस हजेऱ्या. हजेरीला आले ३६० रुपये, आणि त्यातूनच स्ट्रिपर, पॅड नि टेम्पोचं भाडं. पीएफ-ईएसआय सोडाच, यात किमान वेतनसुद्धा बसत नाही. चार रुपयांत एक तर काम अर्धवट होतं, नाहीतर माणसाची मजुरी बुडते.

इथे काम अर्धवट झालं. आठ महिन्यांत फरशी पिवळी पडली आणि मला बोलावणं आलं. मी आधी एक फूट चौकोनात स्ट्रिपर टाकून बघितला. दहा मिनिटांनी पट्टीने खरवडलं तर दुधाळ राड निघाली, आणि तिच्याखाली परत चिकट, मळकट थर. आधीचं पॉलिश न काढता, वरचेवर पुसून त्यावरच नवं मारलेलं होतं. दुसऱ्यांदा स्ट्रिपर टाकला तेव्हा कुठे व्हिनाइलचा मूळचा निळा रंग दिसला. म्हणजे सगळी फरशी दोनदा काढायची. त्यात स्कर्टिंगच्या (भिंतीखालच्या पट्टीच्या) कडेला मशिन पोचत नाही, तिथे गुडघ्यावर बसून हाताने खरवडावं लागतं. फुटाच्या रेटमध्ये हे गुडघे कोण धरतं?

स्ट्रिपर जहाल असतो, आणि तो पडलेली फरशी साबणासारखी निसरडी होते. माझ्याकडे आलेल्या एका मुलाच्या बोटांची सालं निघालेली होती. आधीच्या ठेकेदाराने हातमोजेच दिले नव्हते. हातमोजे आणि गमबूट मी रेटमध्ये धरते, आणि ते धरल्याबद्दल मला महाग म्हटलं जातं याचं मला खरंच वाईट वाटतं.

पावसाळ्याचं तर कोणी लक्षातच घेत नाही. थंडीत एक कोट अर्ध्या-पाऊण तासात सुकतो. जुलैत, रात्री एसी बंद असताना, सव्वा तास झाला तरी हाताला चिकटतो. ओल्यावर दुसरा कोट मारला की सकाळी प्रत्येक चपलेचा ठसा उठतो. म्हणून तेवढ्याच फुटांना रात्री जास्त लागतात.

ते काम शेवटी मी बारा रुपये फुटाने केलं, सहा रात्री लागल्या. बिलाचे पैसे मिळाले एकशे दहाव्या दिवशी. लहान उद्योगांचे पैसे जास्तीत जास्त ४५ दिवसांत द्यावेत, असा २००६ चा कायदा आहे. माझ्या माणसांचे पगार मात्र ७ तारखेलाच झाले, त्यासाठी मला सोन्यावर कर्ज काढावं लागलं.

रुग्णालयांचे प्रशासक, शाळांचे विश्वस्त, ऑफिसचे मॅनेजर हे पत्र वाचत असतील तर त्यांना विनंती आहे. रेट विचारण्याआधी फरशी बघायला बोलवा आणि एका कोपऱ्यात स्ट्रिपर टाकून बघू द्या. कोटा, मोझॅकची घासाई आणि व्हिनाइलचं पॉलिश ही वेगळी कामं आहेत, त्यांचे रेट एकमेकांना लावू नका. कोटेशनमध्ये नुसता फुटाचा आकडा न घेता किती कोट, किती लिटर, किती हजेऱ्या आणि हजेरीला काय, हे लिहून मागा. मग दोन कोटेशनं शेजारी ठेवा. कोणाचा आकडा कुठून कमी झालाय ते तुम्हालाच दिसेल.

आपली,
एक वाचक, ठाणे