पेडण्याच्या भाऊंना, त्या पंधरा मिनिटांबद्दल

भाऊ, फोनवर थँक्यू म्हटलं की तुम्ही लगेच 'जेवलीस काय' विचारून विषय बदलता, म्हणून इथे सगळ्यांसमोर लिहितेय, रागावू नका.

लॅबचं नाव घेत नाही. गोव्याबाहेरची, रीसस माकडांची एसपीएफ कॉलनी उभी करायचं काम चाललेलं, म्हणजे बी व्हायरस, एसआयव्ही, एसआरव्ही, एसटीएलव्ही हे चार व्हायरस अंगात नसलेली माकडं वेगळी काढायची, रक्त तपासत राहायचं आणि पॉझिटिव्ह निघालं की ते माकड बाजूला. मी नवीन. एका मादीचा बी व्हायरसचा रिपोर्ट बॉर्डरलाइन आला, मी साहेबांना दोनदा म्हटलं हिला वेगळी ठेवूया, परत रक्त पाठवूया, तर म्हणे आधीचे तीन निगेटिव्ह आहेत ना, उगाच बाऊ कशाला करतेस. अहो, तो व्हायरस मज्जातंतूंच्या गाठीत वर्षानुवर्षं गप्प बसून राहतो, रक्तात अँटिबॉडी कधी कधी उशिरा दिसतात, म्हणूनच तर परत परत तपासायचं असतं! पण कॉलनी वेळेत दाखवायची होती ना त्यांना.

आणि तिनेच मला ओरबाडलं. ग्लोव्हच्या वर, मनगटाला, जेमतेम एक रेघ. साहेब लांबूनच म्हणाले, बेटाडीन लाव.

तुम्ही पिंजरे धुवत होता. पाइप तसाच टाकून आलात, माझा हात नळाखाली धरलात, साबण लावलात आणि स्वतःचं घड्याळ काढून सिंकच्या कडेवर ठेवलंत. पंधरा मिनिटं. मला सारखी ती 1997 ची अमेरिकेतली मुलगी आठवत होती, 22 वर्षांची, माकडाकडून एक थेंब डोळ्यात उडाला आणि सहा आठवड्यांत गेली. माकडाला ह्याच व्हायरसने फार तर तोंडात फोड येतात, माणसाच्या मात्र मेंदूला सूज. सातव्या मिनिटाला मी हात ओढायला लागले तर तुम्ही, 'राव गो, अजून आठ मिण्टां आसात.' आणि वर विचारताय काय, तर तुझी आई तिसऱ्यांच्या सुक्यात खोबरं भाजून घालते की तसंच! मी रडता रडता तुमच्याशी भांडले, तसंच घालतात म्हणून.

पुढे डॉक्टर, गोळ्या, तपासण्या, सगळं झालं, मला काही झालं नाही. मादी पुढच्या तपासणीत पॉझिटिव्ह निघाली. साहेबांचा मेल आला, 'सर्वांनी योग्य ती काळजी घ्यावी.' बस, एवढाच.

तुम्ही स्वतःला 'पिंजरे धुवपी मनीस' म्हणता. त्या बिल्डिंगीत डॉक्टरेट किती होत्या मोजा, आणि माझा हात धरायला आलं कोण ते बघा. साधं चांगलं वागायला माणसाला खुर्ची लागत नाही हो, उलट खुर्ची आली की काहींचं ते जातं.

घड्याळ त्या दिवशी पाण्याने बंद पडलेलं, हे मला चार महिन्यांनी दुसऱ्याकडून कळलं. तुम्ही बोलला नाहीत.

चवथीला येतेय पेडण्याला. तिसऱ्या तर तेव्हा चालणार नाहीत, म्हणून आईच्या नेवऱ्या आणते. आणि घड्याळ.